हिरव्या गावाला धाडलेले प्रश्न

आक्काला त्या शहराचं नाव कधी नीट म्हणता आलं नाही. मी निघायच्या आधी चार-पाच वेळा म्हणवून घेतलं, पण दर वेळी जीभ अर्ध्यात अडायची आणि ती हसून म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाबा. आपलं हिरवं गाव म्हणू." तिकडचा जो माणूस आमच्याकडं गुरं बघायला आला होता, त्यानं एक रंगीत चित्र दाखवलं होतं. रुंद रस्ता, दोन्ही अंगांनी गच्च झाडं, आणि रस्त्यावर एकही माणूस नाही. त्या चित्रावरून तिनं हे नाव ठेवलं. मीही इथं दुसरं नाव लिहीत नाही. दक्षिण अमेरिकेतलं एक शांत, झाडांनी भरलेलं शहर, एवढं पुरे.

मी उमरग्याला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि दवाखान्यातले उर्दू छापाचे जुने कागद अजून संपले नव्हते म्हणून त्यांच्या पाठीवर आम्ही मराठीत औषधं लिहायचो. तिकडच्या एका मोठ्या शेतमालकाला आपल्या भागातली गुरं हवी होती, उन्हाला आणि गोचिडाला टिकतात म्हणून. बोटीवर गुरांबरोबर जायला आणि पुढं वर्ष-सव्वा वर्ष त्यांच्यापाशी राहायला एक माणूस पाहिजे होता. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "तूच जा. तुला काय, घरी लेकरूबाळ न्हाय अजून." मी हो म्हटलं. सोलापूरच्या पलीकडं तोवर मी एकदाच गेलो होतो.

घरात आम्ही तिघं. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन दोन वर्षांत तिचा नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि त्याच साली आमची आई गेली. म्हणजे मला वाढवलं ते तिनंच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जगाचं एक माप तिच्यापाशी होतं. सावली. बाजाराला निघाली की कुठल्या भिंतीची सावली किती वाजेपर्यंत टिकते हे तिला पाठ असायचं, आणि ती एका सावलीतून दुसऱ्या सावलीत अशी जायची. दारातला लिंब तिनं भांड्याच्या विसळणीवर वाढवला होता. प्यायला पाणी नव्हतं त्या उन्हाळ्यांतसुद्धा तिनं त्याला तांब्याभर चुकवलं नाही.

निघताना तिनं मला एकच गोष्ट बजावली. "एका दिवशी एकच रस्ता बघ. पळत पळत बघितलेलं सांगता येत न्हाय. आन् मला सगळं लिव."

तिसरी माझी बायको. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ती हद्दीपलीकडच्या गावची, घरात कानडी बोलणारी, शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्याकडं आल्यावर पहिल्याच महिन्यात ती काहीतरी बोलताना चुकली आणि मी चारचौघांत तिची नक्कल केली. सगळे हसले. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, माझा स्वभावच तसा, जिभेला हाड नसलेला. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच. आक्काशी मात्र दिवसभर बोलायची. आक्काची पत्रं तिनं लिहायची आणि माझी आक्काला वाचून दाखवायची, असं ठरलं.

बोटीवरचे दिवस सांगत नाही. गुरं आजारी पडली, मी त्यांच्याहून जास्त पडलो. गोव्याकडचा एक खलाशी होता, त्यानं तिकडच्या भाषेतले दहा-बारा शब्द शिकवले, त्यांच्यावर मी पुढं वर्ष काढलं.

शेत शहराच्या कडेला होतं आणि मला राहायला शहरात एक खोली दिली होती. सकाळी गुरांचं पाहायचं आणि दुपारनंतर मोकळा. आक्काच्या हुकमाप्रमाणं मी रोज एकच रस्ता धरला. आधी हसू यायचं. रस्त्यात बघायचं काय, दहा मिनिटांत या टोकाचं त्या टोकाला. पण महिनाभरात कळलं की तिथं सगळेच तसे चालतात. दुपारी दुकानं बंद करून माणसं घरी जेवायला जायची आणि ऊन उतरल्यावर पुन्हा कुलपं काढायची. म्हातारे बाकड्यांवर बसायचे, तासभर एकमेकांशी न बोलता बसायचे, आणि उठताना निरोप घ्यायचे. भिंतींना शेवाळ, शेवाळात नेच्यासारखी पानं, कौलांवरसुद्धा हिरवं. झाडाचं मूळ वर येऊन फरशी उचकटली असेल तर झाडाला कुणी हात लावायचं नाही, फरशीच वळवून घालायचे. हे मी आक्काला लिहिलं तेव्हा बायकोच्या अक्षरात तिचं उत्तर आलं, "तिथल्या मानसाला अक्कल हाय."

तिचे प्रश्न यायचे. झाडाला पाणी कोण घालतं? फांदी तोडली तर कुणी बोलतं का? नदीचं पाणी उन्हाळ्यात कुठवर उतरतं? मी प्रश्न घेऊन निघायचो आणि उत्तर मिळेपर्यंत हिंडायचो. नदी उतरतच नाही हे सांगितलेलं तिला पटलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. मीही पुन्हा जाऊन बघून आलो.

माझं टपाल शेतमालकाच्या शहरातल्या कचेरीत यायचं. तिथं एक म्हातारा कारकून होता, फार मायाळू, मला बघितलं की स्वतःची कॉफी पुढं सरकवायचा. चौथ्या की पाचव्या महिन्यात एकदा त्यानं मला आक्काचं पत्र दिलं. पत्राचा कोपरा नव्हता.

आमच्याकडं मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. पोस्टमनला कळतं, घरच्यांना कळतं, वाचायच्या आधीच कळतं. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडायचं, आणि अंघोळ करायची. पत्त्यावरचं अक्षर बायकोचं होतं. म्हणजे ती होती. राहिली आक्का.

मी पत्र उघडलं नाही. उघडलं की वाचावं लागणार, वाचलं की फाडावं लागणार, आणि मग आक्काचं माझ्यापाशी काही उरणार नव्हतं. ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं, थेट नदीवर गेलो आणि कपड्यांसकट पाण्यात उतरलो. काठावरची माणसं बघत राहिली. एक बाई काहीतरी विचारत होती, पण माझ्या दहा-बारा शब्दांत बहीण हा शब्द नव्हता. पत्र काठावर दगडाखाली ठेवलं होतं, ते उचलून तसाच ओल्या अंगानं चालायला लागलो.

लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवसांचं. ते तीन दिवस मी पाळले. शेतावर निरोप धाडला की बरं नाही. चुलीवरचं काही खाल्लं नाही, फळं खाल्ली, जमिनीवर झोपलो, आणि दिवसभर त्या शहरात चाललो. त्या तीन दिवसांत मी रस्ता एकेक करून पाहिला नाही, कुठून कुठं गेलो हेही ठाऊक नाही. जांभळ्या फुलांची झाडं बहरली होती, फुलं गळून सगळी वाट जांभळी झाली होती आणि माणसं त्यावरून हळू चालत होती. मला त्या झाडांचा राग आला. एवढी सावली काय करायची होती, त्या बाईला आयुष्यात एका लिंबाखाली धड बसता आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका बाकड्यावर मी रडत बसलो तेव्हा शेजारच्या म्हातारीनं पिशवीतला पाव मोडला, अर्धा माझ्या बाजूला ठेवला आणि काही न विचारता निघून गेली. सुतकातल्या माणसानं तो खावा की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी खाल्ला.

चौथ्या दिवशी अंघोळ करून, खोलीच्या बाहेर उभं राहून पत्र उघडलं. आक्का खुशाल होती. लिंबाला मोहोर आला होता. तुझ्या दारासमोर कसलं झाड आहे ते अजून लिहिलं नाहीस, म्हणून रागावली होती. आमची पत्रं म्हणजे एकच निळा कागद, घडी करून चिकटवायचा, त्यावरच तिकीट छापलेलं. कचेरीतल्या म्हाताऱ्याला परदेशी तिकिटं जमवायचा नाद होता. त्यानं कात्री घेऊन तिकिटाचा कोपरा घडीसकट कापून घेतला होता. आतल्या मजकुराला त्यामुळं तिकिटाएवढी दोन-तीन भोकं पडली होती, आणि लिंबाला मोहोर कधी आला तो दिवस त्या भोकात गेला होता.

मी हसलो, मग पुन्हा रडलो, मग कचेरीत जाऊन म्हाताऱ्याला हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं. आडवा पडून, डोळे मिटून दाखवलं, मग कात्री दाखवली. त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. पुढं मी असेपर्यंत त्यानं माझ्या पत्राला कात्री लावली नाही. वाचून झालं की मीच तिकीट कापून त्याला नेऊन द्यायचो.

हे सगळं मी घरी लिहिलं, अगदी रंगवून लिहिलं. आक्का, तू जिवंत असताना तुझं सुतक पाळलं, तीन दिवस उपाशी हिंडलो, तुझ्या पायी ओल्या कपड्यांत ताप यायचा राहिला. तिचं उत्तर आलं की आता माझं आयुष्य वाढलं, खोटी बातमी आली की वाढतंच, लिंब माझ्याआधी वाळंल बघ. मी ते पत्र कितीतरी दिवस खिशात बाळगलं.

त्यानंतर उन्हाळा गेला. आपल्याकडचा उन्हाळा, तिकडं तेव्हा थंडी. पत्रं येतच होती, कोपऱ्यासकट, पण प्रश्न बदलले. झाडांचं, पाण्याचं विचारणं थांबलं. आता आक्का विचारायची, तिथं बायका बाकड्यावर एकट्या बसतात का? बसल्या तर हातात काही काम असतं का नुसत्याच बसतात? कुणी हटकतं का, कुठं चाललीस म्हणून? नवरा-बायको रस्त्यानं निघाले तर बायको मागं चालते का बरोबरीनं?

मला गंमत वाटली. म्हटलं, आक्काला म्हातारपणी काय सुचायला लागलं. पण प्रश्न चांगले होते. झाडं आपण होऊन दिसतात, हे बघायला थांबावं लागायचं. मी चौकातल्या बागेत रविवारी बँड ऐकायला जायचो, तिथं बायका मोजक्या नव्हे, निम्म्याहून जास्त असायच्या. एकटी बाई यायची, बाकड्यावर बसायची, हात मांडीवर ठेवून तासभर बाजा ऐकायची आणि उठून जायची. तिला कुणी काही विचारायचं नाही. नवरा-बायको बरोबरीनं चालायचे, आणि बायको दुकानाच्या काचेपाशी थांबली की नवरा पुढं जाऊन थांबायचा नाही, तिथंच उभा राहायचा. मी सगळं लिहिलं. एकेका पत्राला दोन-दोन दिवस लागायचे. माझ्या जन्मात मी कुणाला एवढं सांगितलं नव्हतं.

एका पत्रात विचारलं होतं, "तुला त्यांची बोली येत नाही, तर लोक हसतात का? हसले तर तुला कसं वाटतं?"

मी लिहिलं की हसतात, आक्का. वाईट मनानं हसत नाहीत, पण हसतात. एकदा पावाच्या दुकानात मी चुकीचं काही बोललो आणि दुकानभर हसू पिकलं. तेव्हापासून मी बोलत नाही, बोटानं दाखवतो. बोलायला शब्द असतात तोंडात, पण बाहेर काढायची भीती वाटते. हे लिहून मी पाकिटाला डिंक लावला आणि पेटीत टाकलं. लिहिताना मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. आजही त्या ओळी आठवल्या की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

करार संपला. निघताना म्हाताऱ्या कारकुनानं मला मिठी मारली. जांभळ्या फुलांच्या झाडाखाली पडलेल्या शेंगा मी गोळा केल्या होत्या, बी काढून रुमालात बांधलं. आक्काच्या लिंबाशेजारी ते लावायचं होतं. परतीच्या बोटीवर मी सगळे रस्ते मनात पुन्हा चाललो, तिला तोंडी सांगायचे म्हणून. पत्रात किती मावणार.

सोलापूरहून बसनं उमरग्याला उतरलो तेव्हा दुपार होती. रस्त्यावर मालट्रकांची रांग, धूळ, आणि एकही सावली नाही. मी घराच्या फाटकापासूनच हाक मारली, "आक्का, आलो गं." लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. ते काम नेहमी आक्काचं. बायको तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात आली, माझी हाक ऐकली आणि जागेवरच थांबली.

"आक्का कुठाय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला पत्र भेटलं न्हाय?"

"कसलं पत्र?"

तिनं तांब्या खाली ठेवला. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "आरं बाबा, आक्का जाऊन सा महिने झाले. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

इतक्या उशिरा कळलं तर सुतक नसतं. एक अंघोळ केली की माणूस मोकळा. मला अंगणात बसवलं आणि बायकोनं डोक्यावरून बादलीभर पाणी ओतलं. खोट्या मरणाचं मी तीन दिवस सुतक पाळलं होतं आणि खऱ्या मरणाला एक बादली पुरली. आक्का गेली तो दिवस नंतर मी हिशेबानं काढला. रविवार होता. म्हणजे मी बागेत बँड ऐकत होतो, आणि एकटी बाई बाकड्यावर बसते की नाही हे बघायला अजून कुणी मला सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोनं सगळं सांगितलं. ताप चार दिवस होता. दुसऱ्याच दिवशी आक्का म्हणाली होती, "त्याला कळवू नगं. कोपरा फाडू नगं. पुन्यांदा उपाशी हिंडंल तिथं, बघायला कोन न्हाय. करार संपंस्तोवर माझ्या नावानं लिवत जा." माझंच चेष्टेचं पत्र तिनं खरं धरलं होतं. ओल्या कपड्यांत ताप यायचा राहिला, हे मी गमतीनं लिहिलं होतं.

मला हे कळायला हवं होतं, पण मी रागानं आंधळा झालो होतो. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं लिहीत बसलीस आणि मी मूर्खासारखा उत्तरं देत बसलो."

ती म्हणाली, "शेवटच्या पत्रात खरं लिवलं होतं. तुम्ही निघायच्या आधी भेटंल असं वाटलं."

"आता आणखी एक खोटं."

रुमालातलं बी मी अंगणात फेकून दिलं. सकाळी बघितलं तर ती वाकून एकेक बी वेचत होती. तिनं ते डब्यात लावलं, लिंबाला घालते तशी त्यालाही विसळण घातली. त्यातलं एकही उगवलं नाही.

मी ओसरीवर झोपायला लागलो. चार महिने मी तिच्याशी बोललो नाही. बोललो नाही म्हणजे अजिबात नाही. तिनं ताट वाढावं, मी जेवावं, उठावं. दवाखान्यात मी लोकांना त्या शहराच्या गोष्टी सांगायचो, तिथल्या बागा, बँड, बरोबरीनं चालणारी नवरा-बायको. दवाखान्यासमोरच्या टपरीवर मालट्रकवालेही चहा पिता पिता ऐकायचे. घरी आलो की तोंडाला कुलूप. आक्काचं दुःख होतंच, खोटं सांगणार नाही. पण त्या दुःखाचा बोजा टाकायला मला एक माणूस मिळालं होतं आणि मी तो तिच्यावर टाकत होतो.

मग एका सकाळी पोस्टमन आला. तो एरवी सायकल अंगणात घालायचा. त्या दिवशी फाटकाबाहेरच थांबला, टोपी काढली आणि म्हणाला, "जरा भायेर या."

हातात निळं पत्र होतं. कोपरा नव्हता.

बायकोचं अक्षर, माझा तिकडचा पत्ता, त्यावर काट मारून खाली वळणदार अक्षरात उमरग्याचा पत्ता, आणि कापलेल्या जागेशेजारी तिकडचं तिकीट डकवलेलं. मी निघून गेल्यावर पत्र पोचलं होतं. मी नव्हतोच, तेव्हा म्हाताऱ्यानं आपलं तिकीट कापून घेतलं आणि पदरचं तिकीट लावून पत्र माझ्या मागं धाडलं. बोटीनं यायला एवढे महिने लागले. मी फाटकाबाहेर उभा राहून वाचलं.

"चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वन्सं उन्हाळ्यात वारल्या. ताप चार दिवस होता. मी कळवलं नाही, त्यांनीच तसं सांगितलं होतं. आता तुम्ही निघणार. घरात पाऊल टाकायच्या आधी तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते. आखाडापासूनची पत्रं माझी आहेत. वन्संनी खुशाली तेवढी लिहायला सांगितली होती. प्रश्न मी माझे विचारले. ती माझी चूक. पण तुम्ही उत्तरं एवढी सविस्तर दिली की पुढचं विचारावंसं वाटलं. पावाच्या दुकानातलं वाचून मला रडू आलं. आल्यावर तुम्ही रागवाल. रागवा, पण बोला. आणि एक मागणं आहे. आल्यावर मला एकदा"

इथं भोक होतं. भोकाच्या पलीकडं लिहिलं होतं, "न्याल का. बाकी काही नको."

पोस्टमन अजून उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं, मालक?" मी म्हटलं, "आक्का." तो गोंधळला, कारण आक्काला खांदा द्यायला तो स्वतः गेला होता.

असं पत्र घरात नेत नाहीत. मी नेलं. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि पत्र तिच्यापुढं धरलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोललो, आणि बोललो ते हे, "इथं काय लिहिलं होतंस?"

तिनं पत्र हातात घेतलं. ओळखलं. पुरा मजकूर वाचला, जणू दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय. भोकापाशी आल्यावर त्यातून बोट घालून बघितलं. मग पत्र घडी करून मला परत दिलं आणि सूप पुन्हा ओढून घेतलं.

"आठवत न्हाय," ती म्हणाली.

मी हात जोडले. म्हटलं, चूक झाली, तुझी नक्कल केली तीही चूक झाली, एकदा सांग, कुठं न्यायचं. तिनं तांदळातून नजर काढली नाही. "न्हाय आठवत. लई दिस झाले."

ते खरं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मागून मागून मिळण्यासारखं ते नव्हतं.

ते पत्र मी फाडलं नाही. ते अजून माझ्यापाशी आहे. पुढं चाळीसेक वर्षं आम्ही बरी काढली. ती माझ्याशी बोलायची, कधीकधी पुष्कळ बोलायची, पण प्रश्न तिनं मला पुन्हा विचारला नाही. मी तिला तुळजापूरला नेलं. सोनारीच्या जत्रेला नेलं. तिच्या माहेरी नेलं, हैदराबादला नेलं, एकदा समुद्र दाखवला. हिरव्या गावाला नेण्याची माझी ऐपत कधीच नव्हती. कुठंही गेलो की मी माझी चाल हळू करायचो, ती बरोबरीला यावी म्हणून. मग तीही हळू चालायची आणि मागंच राहायची. बसायला जागा सापडली की मी थांबायचो आणि विचारायचो, "हेच लिहिलं होतंस का?"

"व्हय," ती म्हणायची, "हेच."

सगळीकडं ती व्हयच म्हणाली.